अंमलदारांचें शिक्षण आणि सातबाऱ्यावरील स्त्रिया

सरकारच्या निरनिराळ्या खात्यांतील अंमलदारांस स्त्रीपुरुष-समानतेचें शिक्षण द्यावें, आणि कोणतेंही धोरण आंखतांना किंवा योजनेचे नियम करतांना त्यांचा स्त्रियांवर काय परिणाम होईल हें पाहण्याची त्यांस संवय लावावी, असा एक उद्योग आपल्या देशांत गेलीं पंचवीस-तीस वर्षें चालू आहे. शेतकरी वर्गांत ह्याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक असें कीं, हें शहरांतील सुशिक्षित मंडळींचें खूळ असून त्याचा नांगराशीं कांहीं संबंध नाहीं. दुसरें असें कीं, वर्ग भरवून माणसांचे स्वभाव पालटत नसतात. तेव्हां हा खर्च व्यर्थ होय. पहिलें मत आम्हांस मुळींच मान्य नाहीं. दुसऱ्यांत तथ्य आहे. पण तें कोठपर्यंत आहे आणि कोठें संपतें, हें दाखविण्याकरितां हा लेख लिहीत आहोंत.

ह्या कल्पनेचा उगम थोडक्यांत सांगितला पाहिजे. १९९५ सालीं चीनमधील बेजिंग शहरीं संयुक्त राष्ट्रसंघाची स्त्रियांविषयींची चौथी जागतिक परिषद भरली. तेथें जमलेल्या राष्ट्रांनीं असें ठरविलें कीं, स्त्रियांकरितां एखादें निराळें खातें उघडून सारें ओझें त्याच्याच गळ्यांत बांधावयाचें नाहीं. तर शेती, पाटबंधारे, वीज, रस्ते, पतपुरवठा अशा प्रत्येक खात्यानें आपलें धोरण करतांनाच स्त्री व पुरुष अशा दोघांचा विचार करावयाचा. महाराष्ट्रानें त्याच्या एक वर्ष आधींच, १९९४ सालीं, आपलें पहिलें महिला धोरण जाहीर केलें होतें; पुढें २००१, २०१४ व २०२४ ह्या सालीं नवीं धोरणें आलीं. केंद्र सरकारच्या अंदाजपत्रकास स्त्रियांवरील खर्चाचें निराळें विवरणपत्र २००५-०६ पासून जोडलें जातें. पुण्याच्या यशदा संस्थेंत व मसुरीच्या प्रशासन अकादमींत अंमलदारांस हा विषय शिकवितात. सरकारी पत्रकांत त्यास ‘लिंगभाव’ असें नांव आढळतें. शब्द अवघड आहे, आणि ज्यास तो कळतो तो बहुधा चावडीवर बसत नाहीं, असो.

आतां नांगराशीं संबंध आहे कीं नाहीं तें पाहूं. खेडेगांवांतील ज्या स्त्रिया कांहीं कामधंदा करतात त्यांपैकीं शेंकडा ७५ च्या वर शेतीवर राबतात. उलट २०१५-१६ च्या कृषिगणनेंत ज्या वहितीची कर्ती स्त्री आहे अशा वहिती, साऱ्या देशांत, शेंकडा सुमारें १४ भरल्या. निंदणी, खुरपणी, लावणी, कापसाची वेंचणी, गुरांचें शेणगोठा हीं कामें कोण करतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आणि स्त्रीपुरुषवार ही मोजणीसुद्धां कृषिगणनेंत १९९५-९६ पासून होऊं लागली. त्यापूर्वींच्या गणनांत हा रकानाच नव्हता. रकाना नाहीं तेथें तरतूद नाहीं, हें दप्तरांत ज्यानें चार वर्षें काढलीं आहेत तो कोणीही सांगेल.

धोरणांत स्त्रियांचा विचार करणें म्हणजे नेमकें काय, हें एका योजनेच्या इतिहासावरून चांगलें समजतें. शेतकऱ्यास अपघातानें मरण आल्यास कुटुंबास मदत मिळावी म्हणून राज्य सरकारनें २००५-०६ सालीं अपघात विम्याची योजना काढली. हेतु उत्तम होता. पण शेतकरी म्हणजे कोण? तर ज्याचें नांव सातबाऱ्यावर तो. त्यामुळें एकाच बांधावर नवराबायको गवत कापीत असतां नवऱ्यास सर्प डसला तर कुटुंबास मदत, आणि बायकोस डसला तर कांहीं नाहीं, असा प्रकार झाला. नियम करणाऱ्या अंमलदाराच्या मनांत स्त्रियांविषयीं आकस होता असें नव्हे. त्याच्या डोळ्यांपुढें शेतकऱ्याची जी मूर्ति होती तिच्या डोक्यास पागोटें होतें, इतकेंच. पुढें २०१९-२० पासून खातेदाराबरोबर त्याच्या कुटुंबांतील, सातबाऱ्यावर नांव नसलेल्या एका व्यक्तीचाही योजनेंत समावेश झाला. आणि २०२३ पासून विमा कंपनीस मध्यें न घेतां सरकार स्वतःच सानुग्रह अनुदान देऊं लागलें. मृत्यूबद्दल ही रक्कम २ लाख रुपये आहे. म्हणजे एक व्याख्या सुधारण्यास चौदा वर्षें लागलीं. हा प्रश्न विचारण्याचें शिक्षण मिळालेला एक अंमलदार पहिल्या मसुद्याच्या वेळीं टेबलाशीं असता, तर मधल्या काळांत किती घरें रिकाम्या हातीं परतलीं नसतीं! आमच्या मतें ह्या शिक्षणाची किंमत अशीच मोजली पाहिजे. वर्गास किती अंमलदार हजर होते ह्यावरून नव्हे.

विजेचेंही तसेंच. शेतीपंपांची वीज कांहीं दिवस दिवसा व कांहीं दिवस रात्रीं, अशी पाळीनें देण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं वर्षानुवर्षें चालली. कागदावर तिच्यांत स्त्री नाहीं आणि पुरुषही नाहीं. परंतु जिचा नवरा वारला आहे व मुलें लहान आहेत, तिनें रात्रीं दोन वाजतां विहिरीवर जावें कसें? ती कोणा पुरुषास पैसे देते, नाहीं तर पीक वाळवते. दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना २०१७ सालीं निघाली. ती मुख्यतः अन्य कारणांनीं निघाली असेल, पण तिचा सर्वांत मोठा लाभ एकट्या कर्त्या स्त्रीस आहे. आणि रात्रीं विंचूसापांच्या भयांत पाणी धरणें पुरुषांस तरी कोठें गोड वाटत होतें? स्त्रीच्या सोयीचा नियम केला म्हणजे पुरुषाची गैरसोय होते, ही समजूत असल्या ठिकाणीं तपासून पाहावी.

ह्या राज्यास असें धोरण करतां येत नाहीं असें मात्र कोणीं म्हणूं नये. १९७२ च्या दुष्काळांत सुरू झालेली आणि १९७७ सालीं कायद्यानें पक्की केलेली रोजगार हमी योजना पाहा. स्त्री व पुरुष ह्यांस दर एकच, काम गांवाजवळ, कामाच्या जागीं लहान मुलांस सांभाळण्याची सोय, अशा तिच्या अटी होत्या. त्या सर्व ठिकाणीं पाळल्या गेल्या असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि कोणाचें व्याख्यान न ऐकतां खेड्यांतील बायका हजारोंनीं त्या कामांवर आल्या, कारण नियमच असे होते कीं त्यांस येतां यावें.

आतां मुख्य गोष्टीकडे, म्हणजे जमिनीकडे वळूं. कारण पीककर्ज, सोसायटीचें सभासदत्व, नुकसानभरपाई, २०१९ पासून मिळणारा किसान सन्मान निधि, हीं सारीं अखेर सातबाऱ्यावरील नांवाशीं येऊन थांबतात. हिंदु कुटुंबांपुरतें बोलावयाचें तर कायदा स्पष्ट आहे. १९५६ च्या वारसा कायद्यानें मृताची विधवा, आई, मुलगे व मुली हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस ठरले. एकत्र वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस जन्मतः हक्क नव्हता. तो महाराष्ट्रानें १९९४ च्या दुरुस्तीनें, आधीं लग्न झालेल्या मुली वगळून, दिला. आणि केंद्र सरकारनें ९ सप्टेंबर २००५ पासून, लग्न झालें असो वा नसो, सर्व मुलींस दिला. बाप त्या तारखेस हयात असलाच पाहिजे काय, ह्या वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं मुलींच्या बाजूनें लावला. ह्याहून अधिक धोरण तें काय करावयाचें?

पण कायदा मुंबईस आणि दिल्लीस होतो, नोंद सज्जांत होते. खातेदार वारला म्हणजे तीन महिन्यांत वारसाची वर्दी द्यावयाची. वर्दी देतो कोण? थोरला मुलगा. तलाठी, ज्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तो गांवनमुना ६-क मध्यें वारस लिहितो, फेरफार धरतो, नोटीस काढतो, आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ह्या साखळींत मुलीस विचारण्याची वेळ एकच, आणि ती नोटिशीची. नोटीस बहुधा माहेरच्या पत्त्यावर जाते. तेथें ती भाऊ घेतो. जुन्या सातबाऱ्यांवर ‘ए. कु. मॅ.’ म्हणून एका भावाचें नांव कब्जेदार सदरीं आणि बहिणींचीं नांवें ‘इतर हक्कां’त, हा देखावा आमच्या वाचकांनीं आपल्याच घरच्या उताऱ्यावर पाहिला असेल. इतर हक्कांतील नांवावर कर्ज मिळत नाहीं, अनुदान मिळत नाहीं, आणि पुढील वांटणीच्या वेळीं तें नांव हळूच गळतें.

नोकरींत असतां एका सज्जाचें दप्तर तपासण्याचा प्रसंग आम्हांस आला. भिंतीवर समानतेच्या शिक्षणवर्गाचें प्रमाणपत्र चौकटींत बसवून लाविलें होतें, आणि त्याच्या खालीं टेबलावर वारस नोंदवही होती. तिच्यांतील एका पाठीमागून एक नोंदी पाहिल्या. वारस सारे मुलगे. मयतांस मुली नव्हत्या काय, असें विचारतां त्या तरुण गृहस्थानें सरळपणें सांगितलें कीं, ‘होत्या, पण लग्न होऊन गेल्या, आणि वर्दींत कोणीं लिहिलें नाहीं.’ वर्गांत काय शिकविलें असें पुसतां तो म्हणाला, दोन दिवस समता म्हणजे काय ह्याचीं चित्रें दाखविलीं, एक नाटुकलें करविलें, जेवण चांगलें होतें. पण नमुना ६-क कोणीं उघडला नाहीं. तो माणूस लबाड नव्हता. त्याच्या कामांत समानता कोणत्या कागदावर, कोणत्या रकान्यांत राहते, हेंच त्यास कोणीं दाखविलें नव्हतें.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, वर्ग बंद करूं नयेत, वर्गांतील धडा बदलावा. तालुक्याच्याच दप्तरांतील जुने फेरफार वर्गांत आणावे. प्रत्येकानें पंचवीस वारसनोंदी घ्याव्या, आणि रेशनकार्ड, जन्मनोंदी व पोलीस पाटलाचा दाखला ह्यांशीं ताडून पाहून किती विधवा व किती मुली सुटल्या तें मोजावें. ही मोजणी स्वतःच्या हातानें केलेल्या अंमलदारास पुढें व्याख्यानाची फारशी गरज राहणार नाहीं. नंतर त्यास शिकवावें कीं, वर्दी घेतांना ‘वारस कोण?’ असें मोघम न विचारतां ‘मयताची पत्नी, आई, मुलगे, मुली, मयत मुलांचीं मुलें’ असें एकेक नातें घेऊन विचारावें आणि नाहीं तर ‘नाहीं’ म्हणून सही घ्यावी. लग्न झालेल्या मुलीची नोटीस तिच्या सासरच्या पत्त्यावर जावी. विधवेचा जबाब दीर समोर उभे असतां घेऊं नये. ह्यांत एकही नवा कायदा लागत नाहीं आणि खर्च कागदाचा.

हें शिक्षण वरिष्ठांपासून आरंभ होऊन तेथेंच थांबतें, हा दुसरा दोष. सचिव व जिल्हाधिकारी ह्यांनीं तें घेतलेंच पाहिजे, कारण व्याख्या तेच करतात. पण कारकून, तलाठी, कृषि सहायक, सोसायटीचा गटसचिव, दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील लेखनिक, ह्यांच्या हातांतून शेवटचा कागद जातो. त्यांच्यापर्यंत पोहोंचेपर्यंत धोरणाचें एक परिपत्रक होतें, परिपत्रकाची एक फाईल होते आणि फाईलीवर ‘पाहिलें’ अशी सही होते.

यंत्रें आलीं म्हणून हा दोष जाईल असें कित्येकांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. खातेदारानें आपल्या मोबाईलवरून शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र घ्यावयाचें. आतां घरांत एकच चांगला मोबाईल असेल तर तो कोणाच्या खिशांत असतो? विधवा खातेदारणीचें पीक पुतण्या नोंदवितो, आणि कधीं कधीं नोंदवीत नाहीं. तसेंच शेतकरी ओळख क्रमांकाचें. २०२५ पासून कृषि खात्याच्या योजनांस तो आवश्यक झाला. त्यास आधार व सातबारा जुळावे लागतात. पुरुषाचें नांव जन्मापासून मरेपर्यंत एक. स्त्रीचें नांव सातबाऱ्यावर बापाचें लावून, आधारावर नवऱ्याचें लावून, आणि बँकेंत तिसऱ्याच तऱ्हेनें. हा मेळ घालण्याचा हेलपाटा तिनें मारावयाचा. यंत्राची मांडणी करणाऱ्या टेबलाशीं हा साधा प्रश्न कोणीतरी काढावयास हवा. ह्याचेंच नांव धोरणांत समानता आणणें, आणि तें शिकवितां येतें.

२०२५ च्या एप्रिलापासून राज्यांत ‘जिवंत सातबारा’ मोहीम चालविली गेली. मयत खातेदारांच्या याद्या गांवोगांव वाचून वारसांचीं नांवें लावण्याचा तो चांगला उपक्रम होता, आणि पिढ्यानुपिढ्या आजोबांच्या नांवावर राहिलेल्या पुष्कळ जमिनी त्यामुळें हयात माणसांच्या नांवावर आल्या. परंतु अशी मोहीम दुधारी असते. मुदतीच्या आंत आंकडा भरावयाचा म्हटला म्हणजे जें नांव पुढें येईल तें लागतें, आणि जें येत नाहीं तें एकदां प्रमाणित नोंदींतून सुटलें कीं परत लावण्यास प्रांतांकडे अपील करावें लागतें. अशा प्रत्येक मोहिमेच्या अहवालांत ‘एकूण वारस’ ह्या रकान्याशेजारीं ‘पैकीं स्त्रिया’ हा रकाना असावा, एवढी मागणी आपल्यासारख्या मंडळांनीं केली तर ती वावगी होणार नाहीं.

येथवर सरकारविषयीं लिहिलें; वाचकांस तें वाचणें सोपें गेलें असेल. पण मुलीचें नांव वर्दींत न लिहिणारा तो थोरला मुलगा म्हणजे सरकार नव्हे, तो आपल्यापैकींच आहे. त्याचें पहिलें उत्तर ठरलेलें: बहिणींस हिस्सा दिला तर जमिनीचे तुकडे होतील. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. त्यानंतर आजतागायत जे तुकडे झाले ते भावाभावांच्या वांटण्यांनीं झाले, बहिणींनीं केलेले नव्हेत. तीन भावांत जमीन वांटतांना तुकड्याची आठवण होत नाहीं आणि चौथें नांव बहिणीचें आलें कीं होते, हें तर्कास धरून नाहीं. शिवाय नांव लागणें निराळें आणि जमीन फुटणें निराळें. सामायिक खात्यांत नांव ठेवून उत्पन्नाचा वांटा देतां येतो. एकानें कसावी व दुसऱ्यांनीं खंड घ्यावा असेंही करतां येतें.

दुसरें उत्तर असें कीं, बहिणी स्वखुषीनें हक्कसोडपत्र करून देतात. कांहीं देतात, सर्वच हक्कसोडपत्रें जुलमाचीं असतात असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु माहेरचा उंबरा तुटूं नये म्हणून जी सही होते तिला खुषी म्हणावें काय, हें ज्याचें त्यानें आपल्या बहिणीच्या डोळ्यांकडे पाहून ठरवावें. सही घेणाऱ्या कचेरीनें तरी तिला बाजूस घेऊन, काय सोडते आहेस हें ठाऊक आहे काय, असें विचारण्याची रीत पाडावी.

पत्नीची गोष्ट तर त्याहून सोपी आहे, आणि तींत सरकारची वाट पाहण्याचें कारण नाहीं. शेतकरी संघटनेनें नोव्हेंबर १९८६ मध्यें चांदवड येथें शेतकरी स्त्रियांचें मोठें अधिवेशन भरविलें. त्यानंतर शरद जोशी ह्यांनीं लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालविली, आणि नवऱ्यांनीं आपण होऊन बायकांच्या नांवें जमिनी केल्या. सरकारनेंही १९९२ सालीं लक्ष्मीमुक्ति योजनेचें परिपत्रक काढलें. नवऱ्यानें हयातींत अर्ज केल्यास बायकोचें नांव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावतां येतें. हें परिपत्रक तीस वर्षांहून जुनें आहे, आणि तें ठाऊक असलेले खातेदार आम्हांस फार थोडे भेटले. सोसायटीच्या संचालक मंडळांत स्त्रियांसाठीं जागा राखीव झाल्यावर मात्र कित्येक घरांत बायकोच्या नांवावर चार गुंठे एका आठवड्यांत चढले! म्हणजे नांव लावण्यास अडचण कायद्याची नव्हती, कचेरीचीही नव्हती.

राहतां राहिला शिकविणाराचा प्रश्न. असले वर्ग चालविण्यास बाहेरून तज्ज्ञ येतात, त्यांस मानधन मिळतें, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. त्यांच्याबरोबर त्याच तालुक्यांतील दोन विधवा खातेदारणी बोलवाव्या, आणि नांव लागेपर्यंत त्यांनीं कोणकोणत्या कचेरीस किती खेपा घातल्या, कोणीं काय विचारलें, कोणता कागद दोनदां मागितला, हें त्यांनीं आपल्या तोंडानें सांगावें. समोर बसलेल्या अंमलदारांनीं तें उतरून घ्यावें, आणि त्यांतील कोणती खेप आपल्या कचेरीस टाळतां येईल हें त्याच बैठकींत लिहून द्यावें. त्या बायांस त्या दिवसाची मजुरी व एस. टी. चें भाडें तज्ज्ञाच्या मानधनाबरोबरच, त्याच टेबलावर, त्याच दिवशीं मिळावें. नंतर धनादेश पाठवूं म्हणून परत लावूं नये.